घसारा

टेलिफोन खात्यातून बाहेर पडले तेव्हा हाती आलेल्या पैशाचं
मी सोनं केलं नाही.
भुसावळात, जामनेर रोडच्या मागं,
खाली दोन, वर दोन अशा खोल्या बांधल्या.
नणंद म्हणाली, भाडेकरू म्हणजे विकतचं दुखणं.
असू दे म्हटलं, एक तारखेला पैसे देणारं दुखणं आहे.

सगळं रीतसर. अकरा महिन्यांचा करार,
पोलिसात फोटो, तीन महिन्यांचं डिपॉझिट,
आणि प्रमोद भंगाळेंनी ऐन जेवणाच्या वेळी येऊन
भरून घेतलेली आगीची पॉलिसी.
खोली बंद पडली तर भाडंही मिळेल, ताई,
फक्त सातशे चाळीस जादा.
त्या सातशे चाळीसवर मी रेघ मारली.
तेवढ्यात वर्षाचे बिबडे होतात.

वर डावीकडे भटू वाघ, असिस्टंट लोको पायलट,
त्याची रत्ना,
आणि तिची पायाची शिलाई मशीन.
दुपारी छतातून खाली येणारा तो आवाज
मला माहेरून आल्यासारखा वाटायचा.

मे महिना, सत्तेचाळीस.
नळाचं पाणी तसंच चहाला चालेल असं ऊन.
भटूनं कूलर आणला. वायर खिडकीतून, जिन्यावरून,
मधे एक जोड,
जोडावर दुधाची पिशवी गुंडाळलेली.

मी पाहिला तो जोड.
बिबडे वाळवायला गच्चीवर जाताना
तीनदा तरी त्याच्याखालून वाकून गेले.
बोलले नाही.
वेळेवर भाडं देणाऱ्याला कोण बोलतं?

बावीस तारीख, दुपारचे अडीच.
भटू खंडव्याकडे मालगाडीवर.
रत्ना खाली हौदावर धुणं धूत होती, म्हणून रत्ना आहे.
नवऱ्याला फोनवर तिनं एवढंच सांगितलं:
घर जयनं. मी शे.

नाशिकहून सर्व्हेअर आला, नाकाला रुमाल.
काळ्या भिंती टेपनं मोजल्या.
प्लास्टर इतकं, वजा घसारा.
दार सागवानी? नाही, प्लायचं. घसारा.
वायरिंग किती जुनी? पंधरा वर्षं.
तो हसला नाही, पण आकडा लिहायला
त्याला जरा जास्त जागा लागली.
शिलाई मशीन, मी म्हटलं.
तुमची?
नाही.
मग ती या कागदात नाही.

निघताना पेनाला टोपण लावत म्हणाला,
वायरचा जोड आधी कधी दिसला होता का?

तीस वर्षं मी माणसांचे आवाज माणसांना जोडून दिले.
चुकीच्या ठिकाणी लागला तर
लगेच माफी मागायची सवय.
त्या दिवशी म्हटलं, नाही.
रत्ना शेजारीच उभी होती, जळक्या कढईला घासणी लावून.
जिन्यात वाकताना तिनं मला पाहिलं होतं.
घासणी थांबली, पुन्हा सुरू झाली.

एक लाख बारा हजार चारशे आले.
पाच महिन्यांचं भाडं कुठूनच आलं नाही,
त्यावर तर माझ्याच हातची रेघ होती.
डिपॉझिट परत केलं, वर सात हजार ठेवले.
रत्नानं मोजले. म्हणाली, हाई कसानं?
मशीनचे, असं म्हणता आलं असतं.
माझ्या तोंडून निघालं, घसारा.

तिनं त्यातले तीन हजार तीनशे वेगळे काढून
माझ्या टेबलावर ठेवले, मीठदाणीखाली.
मे महिन्यात बावीस दिवस राहिलो ना.

आता प्रत्येक खोलीला वेगळा ट्रिप स्विच आहे.
सातशे चाळीसवर रेघ नाही.
भाडेकरूच्या सामानाचाही एक कागद होतो,
त्याचा निम्मा हप्ता मी भरते.
भंगाळेंना वाटतं, ताईंना उशिरा का होईना विमा कळला.
मी त्यांचा गैरसमज काढत नाही.

रोज रात्री दहाला वर जाते.
तापाच्या पोराच्या कपाळाला लावावा
तसा उलटा हात मीटरच्या पेटीला लावते.
पेटी गार असते.
तरी हात काढायला जरा वेळ लागतो.