गोंदण

फिल्मवर आज दोन रेघा उमटल्या.
वरची सत्तावीसची, खालची चोविसाची.
मधे तीनदा लाइट गेली विष्णुपुरीला,
जनरेटर खोकला, थांबला, परत खोकला,
तरी उमटल्या.

नमुना एक्केचाळीस. भुजंग टोम्पे, वय चौतीस,
मुक्काम लोहा, धंदा : खोगीर शिवणे.
डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे.
रक्त घेताना डाव्या दंडावर दिसलं हिरवं नाव,
कौतिका,
शेवटचा काना जरा वाकडा.
"माळेगावच्या जत्रंतलं हाय, मॅडम.
बॅटरीवरची मशीन. सोळा जणं होतो रांगंत.
सुई? सुई एकच की वो."

मी वहीत लिहिलं : बहुतेक.

बी आधी शिरला असेल, नाहीतर दोघं जोडीनं.
डेल्टा म्हणजे उघडा गडी.
घरचं कापड नाही, गाठीला एकुलतं एक प्रथिन.
बीचा अंगरखा उसना घेतो,
आणि तो अंगावर चढायचा तर आधी
त्या प्रथिनाला शेपूट लागतं.

ते कसं येतं, हेच मी आठ वर्षं शिकतेय.
मजकूर संपतो तिथं पूर्णविराम असतो.
पेशीतला एक कारकून, आपल्याच पेशीतला,
त्यातलं एक अक्षर बदलून ठेवतो, कशासाठी कुणास ठाऊक,
आणि संपलेलं वाक्य एकोणीस मणी पुढं चालत राहतं.
शेवटून चौथा मणी गंधकाचा.
त्याला पंधरा कार्बनांची तेलकट दोरी बांधली
की प्रथिन पडद्याला चिकटतं,
घामेजल्या पाठीला खोगीर चिकटावं तसं.
(ही उपमा भुजंगची. मी फक्त विचारलं होतं
घोड्याला पट्टा कुठून बांधतात.)

ती वरची रेघ.
खालची धाकट्याची. त्याला हे शेपूट नसतं,
अंगावर टिंबं असतात :
एकशेसत्त्याहत्तराव्या मण्यावर फॉस्फेट,
बहात्तराव्यावर ॲसिटिल,
तेराव्यावर मिथिल, दिसेल न दिसेल एवढं.
टिंबं जागच्या जागी असली की नकलांवर नकला निघतात.
थोरला आला की नकला थांबतात,
बांधाबांध सुरू होते, निघायची.

आणि यातलं एकही हत्यार त्यानं सोबत आणलेलं नाही.
सुई आपली. शाई आपली.
गोंदणारा हातसुद्धा
हे मी मोठ्यानं बोलले असणार,
कारण फरशी पुसता पुसता शेखमामू थांबले :
"किसका हात, मॅडम?"

दुपारी भुजंग म्हणाला, "हे पुसून निघतं का?"
मला वाटलं आजाराचं विचारतोय.
मी सांगत सुटले : दोरी बांधणाऱ्या त्या हातालाच
धरून ठेवणारं एक औषध आहे, लांब कुठंतरी,
लोह्याच्या मेडिकलवर नाही.
पण तो हात घरची दुसरीही कामं करतो,
धरला की उलट्या होतात, माणूस वाळतो.
तो ऐकत होता, दंड चोळत होता.
"नाव म्हणतोय मी," तो म्हणाला. "तिला आता
ते बघितलं की रडू येतंय."

कौतिकाचा रिपोर्ट कोरा आला.
एकही रेघ नाही. मी दोनदा लावून पाहिला.
बीची लस घेतली की बी येत नाही,
बी नसला की डेल्टाला अंगरखा नाही,
एवढंच सांगितलं तिला, बाकी काही नाही.
ती बाही वर करत म्हणाली,
"टोचा. पर सुई दावा आधी."
सिस्टरनं पाकीट तिच्या डोळ्यांपुढं फाडलं.

टोचून झालं.
तिनं ते रिकामं पाकीट उचललं, चार घड्या घातल्या
आणि ब्लाऊजात ठेवलं, तिकीट ठेवावं तसं.

फिल्म अजून चिमट्याला लटकलीय,
खालच्या टोकातून एक थेंब
पडत नाही.