खाली कोण घ्यायचं

सावळज रस्त्याच्या बेदाणा शेडवर मी वजनं लिहितो.
चार किलो द्राक्षं जाळीवर पसरली
की पंधरा-वीस दिवसांनी किलोभर बेदाणा उतरतो.
पंचाहत्तर टक्के घट,
आणि इथं तिला कुणी तोटा म्हणत नाही.

निवडणीवरच्या शमाबी नदाफची तहसीन सातवीत आहे.
शाळा सुटली की रिकाम्या क्रेटवर वही टेकवून बसते.
परवा विचारलं, "मामा, टक्का काढताना
खाली कोण घ्यायचं? जुना का नवा?"
जुना, म्हटलं. जिथनं निघालीस ते गाव खाली,
किती चाललीस ते वर.

टपरीवर चहा आठाचा दहा झाला.
पंचवीस टक्के, तिनं झटकन सांगितलं.
मग ग्लास उजेडात धरून म्हणाली,
"पण ग्लासबी बारका झालाय की. त्याचं?"
त्याचं वेगळं मांडू, म्हटलं,
आणि मांडलं नाही. चहा उधारीचा होता.

मग तिनं आईची मजुरी काढली.
हंगाम सरताना चारशेवरनं तीनशे वीसवर आली,
वीस टक्के उतरली.
औंदा मालक म्हणाला, वीस टक्के वाढवली, फिटलं.
पोरीनं गुणाकार केला, खोडला, परत केला.
तीनशे चौऱ्याऐंशी.
"सोळा रुपये कुठं गेले, मामा?"

शमाबीचे हात चाळणीवर चालूच होते.
मान वर न करता म्हणाली,
"मला वाटतच होतं, कायतरी कमी येतंय.
म्हटलं, आपलंच मोजायचं चुकत असंल."

कुठं गेले नव्हते.
उतरताना चारशेवरनं उतरलो,
चढताना तीनशे वीसवरनं.
वीस टक्के पडलेल्याला
परत जागेवर यायला पंचवीस लागतात.
हे मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या वहीत लिहितोय.

रात्री जेवताना उगीच आठवलं.
आमच्यात चार ताटं असायची.
भाऊ सांगलीत विजयनगरला राहायला गेला,
भांडून नाही, नुसताच.
चाराची तीन : पंचवीस टक्के.
तिनाची परत चार करायला
तेहतीस, पुढं टिंब, पुढं तीन, परत तीन,
भागाकार काय संपत नाही,
पेन्सिल आपणच खाली ठेवायची.
बायको म्हणाली, भात घ्या, गार होतोय.

सकाळी काट्याशेजारच्या फळ्यावर
कुणीतरी खडूनं चारशे लिहिलेलं,
त्याच्यावर एक आडवी रेघ,
आणि रेघेच्या वर काहीच नाही.
अक्षर मला ओळखू येत होतं.

मालकानं चष्मा कपाळावर चढवला.
"हे कुणाचं वजन?"
चाळण्या तेवढ्या चालू राहिल्या.