दस्तगीरचे कान

सिद्धेश्वर वनविहार. फाटकापासून उजवीकडची तिसरी वाट.
चैत्र लागलाय, सहालाच हवेला
इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास.
दस्तगीर रात्रीची वरात वाजवून तसाच आलाय,
पँटीला बँडची लाल पट्टी, खिशात क्लॅरिनेटची पत्ती.
मी कॅमेरा काढतो. जुना घेतलेला,
लेन्सच्या कडेला आधीच्या मालकाची बुरशी.

"गातंय बे," तो म्हणतो.
मला काहीच ऐकू येत नाही.

एकतीस वर्षं मागांच्या मधे उभा होतो,
खटक, धोटा गेला, खटक, धोटा आला.
कानातलं बारीक बारीक ते आधी गेलं:
रातकिडे, पैंजण,
बायकोच्या बोलण्यातले स आणि श.
जाड आवाज तेवढे राहिले. ट्रक. गिरणीचा भोंगा.
कावळा अजून नीट ऐकू येतो,
कावळ्याचे फोटो माझ्याकडे भरपूर आहेत.

म्हणून तो ऐकतो, मी बघतो.
"लिंबाच्या डाव्या फांदीवर. नाय, मागं. खाली आलं की.
गप बसलं."
त्याचं बोट सुरामागे, माझी लेन्स बोटामागे,
पाखरू दोघांच्याही पुढे.

कसं गातं, विचारलं
तर माझं मनगट धरून बोटांनी वाजवून दाखवतो:
तीन भराभर, थांबा, मग उतरत्या पाच.
"पत्ती नवी असली ना, मल्लेशम,
की पहिला सूर असाच येतो. जरा भित्रा."

निलिमा. पुस्तकात नाव आहे.
पाठीला राजा निळा, दोनदा बुडवलेला.
छातीची नारिंगी मात्र कच्ची वाटते,
पहिल्या धुण्यात पोटाच्या पांढऱ्यावर उतरेल अशी.
एवढं एकदाच दिसलं होतं, अर्ध्या क्षणात.
चौदा दिवसांत सहाशे फोटो काढले:
नुकतीच हललेली फांदी,
नुकतीच हललेली फांदी,
शेपटीचं टोक,
दस्तगीरचं बोट.

लिंबाखालचं ऊन म्हणजे जेकार्डचं कार्ड,
नुसती भोकं.
एका भोकावर नेम धरून बसलो.
टोपीवर मोहोर पडत राहिला,
पायजम्यात मुंगळा शिरला, हललो नाही.

आणि ते आलं. नेमकं त्या भोकात.
सात वेळा बटण दाबलं.
सहाव्यात चोच उघडी,
गळा फुगलेला,
गळ्यावरची पिसं मधूनच फाकलेली,
आतली राखाडी मऊ दिसतेय.

"ऐकलंस का?" मी ओरडलो, बहिऱ्या माणसाचं ओरडणं,
झाडावरचं होतं नव्हतं तेवढं सगळं उडालं.
दस्तगीर खोडाला टेकून झोपला होता.
तोंड उघडं. मिशीत लिंबाचं फूल.

म्हणजे ते गाणं कुणीच ऐकलं नाही.

तो उठला, चष्मा शोधला, स्क्रीन नाकाशी धरली.
बराच वेळ बघत होता.
मग त्या चोचीएवढे स्वतःचे ओठ उघडले,
थोडे मिटले, परत उघडले.
माझं मनगट घेतलं,
एकच बोट ठेवलं
आणि उचललंच नाही.

"एवढंच?" मी.
"फोटोत एवढंच असतंय," तो म्हणाला. "पुढचं त्याला माहीत."

अकराला त्याची अक्कलकोट रोडला हळद होती.
फाटकाबाहेर चहा घेतला.
तो काहीतरी बोलत होता. बशीच्या आवाजात
मला फक्त "उद्या" ऐकू आलं.