छाट

निकाल आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात
पंख्याखालची जागा कुणाची, हे भांडण मिटवत होते.
मुख्याध्यापक हत्तुरे सर दारात उभे,
हातात कागद, स्वतःच्या खिशातून रंगीत छापलेला,
कारण काळ्या-पांढऱ्यात लाल दिसत नाही.

आम्ही लाल होतो.
वाचन, शंभरात एकतीस.
गणित, शंभरात एकोणीस.
मागच्या गल्लीतली शाळा पिवळ्यात गेली,
त्यांच्या बाईंनी चहा पाठवला,
तो आम्ही प्यालोही.

इंद्रभुवनात बैठक. उंच छत, गार फरशी.
पडद्यावर सोलापूर, सोलापूरवर ठिपके,
अशोक चौकाच्या पुढे एका ठिपक्यात मी.
"कारणं नकोत, कृती लिहा," साहेब म्हणाले.
मी कृती लिहिली, मुद्दे अकरा.
पाणी पाचव्या दिवशी येतं
आणि त्या दिवशी अर्धा वर्ग घागरींमागे असतो,
हे कारण होतं.
म्हणून लिहिलं नाही.

संध्याकाळी कपाट उघडून
उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या.
का काढल्या कुणास ठाऊक, गुण तर चढून गेले होते.

म्याकल नागमणी, हजेरी क्रमांक सव्वीस.
उतारा होता सहलीचा.
प्रश्न : किनाऱ्यावर काय चमकत होते?
उत्तरसूचीत : वाळू.
नागमणीने लिहिलं होतं : जर.
मी शून्य दिला होता. माझीच सही.
तिच्या घरी किनार म्हणजे लुगड्याची,
आजोबा मागावर होते तेव्हाची,
आणि किनारीवर दुसरं काय चमकणार?

गणित : तीनशे पंचाहत्तर लाडू,
एका खोक्यात पंचवीस, तर खोकी किती?
हातच्यासकट भागाकार अचूक, उत्तर पंधरा.
मग पंधरा खोडून
ठळक चौदा.

दुसऱ्या दिवशी विचारलं, पंधरा का खोडलंस?
ती माझ्याकडे बघत राहिली,
मलाच भागाकार येत नसल्यासारखी.
"एक कट्टा छाटात जातो की, टीचर."

शनिवारी पालकसभा. बारा जण आले.
नागमणीची आई सगळ्यात शेवटी,
ब्रँचला विड्या देऊन तशीच,
बोटांना तंबाखूचा वास, काखेत रिकामं सूप.
मी प्रगतिपत्रक पुढे केलं.
तिने ते उघडलं नाही,
विडीच्या कार्डासारखं माझ्यापुढे धरून ठेवलं,
खिडकीतून सही व्हायची वाट बघत.

"किती छाटलं, बाई?"

मी म्हटलं, असं नसतं हो,
ही फक्त चाचणी, पातळी कळण्यासाठी, म्हणजे—
"हजारातून किती?"
मी म्हटलं, शंभरातून. एकोणसत्तर. वाचनात.
तिने जीभ टाळ्याला लावून आवाज केला.
"आमचा चेकर पण एवढा वाईट नाही."

मग जरा थांबून, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून,
"छाटलेला माल तुम्ही काय करता?
तिथं मालकच ठेवून घेतो.
पैसे देत नाही, परत पण देत नाही."

अकरा मुद्द्यांत हे नव्हतं.
मी सही केली.
तिने कार्ड पदराला पुसून आत ठेवलं.

आता मधल्या सुट्टीत
नागमणी आणि मी जिन्याखाली बसतो.
तोच उतारा. बोट शब्दाखाली,
नखं दोऱ्याने चिरलेली.
ती "समुद्र" एका दमात वाचते,
जोडाक्षरावर जरा उडी मारून,
आणि थांबते.

"टीचर, लुगड्याला दोन किनारी असतात.
समुद्राची दुसरी कुठे असते?"

मी म्हटलं, असेल पलीकडे.
"तुम्ही बघितलात?"

मी समुद्र एकदाच पाहिलाय,
डी.एड.च्या सहलीत,
बस उशिरा पोचली होती
आणि अंधार पडला होता.