सर्व्हर येईपर्यंत

तू विचारलंस, नेटवर बघण्यासारखं काय आहे, पत्ते पाठव.
पाठवते. पण ते माझे नाहीत.
सेलूच्या स्टँडमागे मुंजाजीच्या सेतूत
सर्व्हर डाउन असताना मिळालेले आहेत.

तिथं सर्व्हर रोजच जायचा.
साडेअकराला गेला की दोनपर्यंत पत्ता नाही.
बाकावर आम्ही: नॉन-क्रिमिलेअरवाले, सातबारावाले,
आणि एक नवरदेव, आधारवर दुरुस्तीला आलेला,
कारण तिथं तो अजून 'स्त्री' होता.
सरकार झोपलेलं, नेट मात्र जागं.
मुंजाजी म्हणायचा, बसा, तवर एक गंमत दावतो,
आणि चंची सोडून पुढं करावी
तसा स्क्रीन आमच्याकडं वळवायचा.

एका ठिकाणी पृथ्वीचा गोळा फिरायचा,
बोट ठेवाल त्या गावचा रेडिओ लागायचा.
नवरदेवानं कुठल्याशा किनाऱ्यावर बोट ठेवलं,
एक बाई तिच्या भाषेत भराभरा काही सांगत होती.
मुंजाजी कान देऊन म्हणाला,
तिकडंबी कांदा पडला वाटतं.

बातमी म्हणजे त्याच्या लेखी
लोअर दुधनात पाणी किती, तो आकडा.
त्याचा पत्ता भिंतीवर स्केचपेननं लिहिलेला.
बाकी बातम्यांना तो तीन ठिकाणं सांगायचा,
एकमेकांचं तोंड न बघणारी.
तिन्हीकडं सारखं असंल तेवढं घ्या, म्हणायचा,
राहिलं ते येसर.

आणि ती सल्ल्यांची बाई.
कुठल्या गावची, कुणालाच माहीत नाही.
ती फक्त बिघडलेल्या गोष्टींवर लिहायची:
खारट झालेलं वरण, अडकलेली चेन,
कुकरची गळकी रिंग, न बोलणारी जाऊ.
बाकी सगळ्यावर पानभर उपाय,
जावेवर एकच ओळ:
आज चहा तुम्ही टाका.
(टाकला. दोनदा. तिसऱ्यांदा तिनं टाकला.)

शाहनूरबी हयातीच्या दाखल्याला यायच्या,
नवऱ्याच्या रेल्वेच्या पेन्शनीसाठी.
माहेर औरंगाबादचं, नवाबपुऱ्यातलं,
लहानपणापासून बोटांवरून हिमरूचा धागा गेलेला.
इतका गेलेला, की अंगठ्याला रेघाच राहिल्या नव्हत्या.
मशीन म्हणायचं: पुन्हा प्रयत्न करा.
जिवंत बाई समोर बसलेली, आणि पुन्हा प्रयत्न करा.

त्या दिवशीही सर्व्हर गेला.
मुंजाजीनं दूरच्या कुठल्या म्युझियमचं पान उघडलं.
काळ्या कापडावर मांडलेली एक हिमरू शाल,
खाली विणणाऱ्याचं नाव: अज्ञात.
मोठं करत जावं तसतसं
फूल, मग पाकळी, मग नुसता धागा.
शाहनूरबी म्हणाल्या, उल्टा दिखा.
उलट्या बाजूचाही फोटो होता.
त्या पुढं सरकल्या, चष्मा कपाळावर चढवला,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
ये डावऱ्या हात का आदमी था रे मुंजाजी,
देख, तागा किधर से तोड्या.

आम्ही सगळे त्या तुटक्या टोकाकडं बघत होतो
आणि सर्व्हर आला.

झुंबड उडाली. अंगठा पदराला पुसून लावला, नाही.
दुसरा लावला, नाही.
मग मुंजाजीनं कपाटातून डोळ्याचं यंत्र काढलं,
त्यावरची धूळ फुंकली, म्हणाला, पापणी लवू नका.
हिरवा दिवा लागला.
चला, शाहनूरबी उठताना म्हणाल्या,
और एक साल.

भिंतीला आता डिस्टेंपर लागलाय,
पत्त्यांतले निम्मे मेले,
उघडले की कोरं पान येतं.
रेडिओ चालू आहे. धरणाचा आकडा चालू आहे.
सल्ल्यांची बाई दोन वर्षांपासून गप्प आहे,
तिला चहा कुणी टाकावा, कळत नाही.

शालीचा पत्ता तेवढा खाली देते.
घाईत उघडू नकोस.
कुठल्यातरी फॉर्मवर ते गोल गोल फिरत राहील ना,
तेव्हा उघड. मोठं कर. उलटं कर.
डाव्या कोपऱ्यात बघ.