साकळण

पोतोसी, पहाटेचे सहा. हवा विरळ,
हीटर म्हाताऱ्यासारखा खोकतोय.
एर्मेलिंदा फिरवून काढलेली नळी उजेडात धरते.
वर गढूळ पिवळा थर, खाली काळपट.

रक्त रात्रपाळीच्या वॉचमनचं, सेलेदोनियोचं.
एकोणतीस वर्षं तो समोरच्या डोंगराच्या पोटात होता.
रक्ताचं पाणी केलं, चांदी झाली दुसऱ्यांची.
हे ती म्हणत नाही. तोच म्हणतो,
बाही खाली ओढत,
आणि वर एक बिस्किट मागतो.

चांदी आज बाटलीत आहे, मधासारखी पिवळी.
इतकी बारीक, की तिला
स्वतःचा रंगसुद्धा आठवत नाही.

एक थेंब. सदतीस अंश.
यंत्र पिवळ्या थरातून उजेड सोडतं.
बिंबाणू एकमेकांना धरून बसले
की गढूळपणा निवळतो, कागदावरची रेघ चढते.
आज चढत नाही.
चार मिनिटं. सहा.
गढूळ ते गढूळच.

मंगळवारी दुसऱ्या बाटलीतल्या कणांनी
नेमकं उलटं केलं होतं:
घाईघाईनं गुठळी,
जणू कुणी दार लोटून आतून कडी घातली.

"मग चांदी करते तरी काय?" सेलेदोनियो दारातून.
"कणाच्या मापावर आहे. मात्रेवर.
त्यावर कसलं वेष्टण आहे, त्यावर.
अजून नीट कळलेलं नाही."

"मजुरी विचारली की आमचा मुकादमही
हेच सांगायचा."
कोपराच्या खळीत विसरलेला कापूस
तो उचलून बघतो.
थांबलंय केव्हाच.

ती घड्याळ बघते,
आणि का कोण जाणे,
तीही वेळ वहीत लिहिते.