पाच शून्यं

फॉर्म विचारतो : रस्त्याचं नाव, घर क्रमांक, पिन कोड.
लाल चांदणी आहे, म्हणजे सक्तीचं.
शारजात आमचा पत्ता असा :
नहदाला तंदूरवाल्याच्या मागे,
खाली केरळी फार्मसी आहे ती बिल्डिंग,
आठवा मजला, लिफ्टमधून उजवीकडे.
पत्रं येतात बाबांच्या कंपनीच्या पोस्टबॉक्सात,
किल्ली त्यांच्या जुडग्यात, चिलररूमच्या किल्ल्यांसोबत.
पिन कोड या देशाला नाहीच.
मी पाच शून्यं टाकते.
फॉर्म निमूट पुढे सरकतो.

हा अकरावा अर्ज.
पहिले चार ‘फक्त नागरिकांसाठी’ या ओळीवर संपले.
ती ओळ कायम तळाशी असते, बारीक अक्षरात,
निबंध लिहून झाल्यावर सापडणारी.
एका ठिकाणी जागा नऊ, अर्ज साडेआठशे.
हा भागाकार आईला सांगितलेला नाही.

पाचशे शब्दांत लिहा :
भौतिकशास्त्राकडे तुम्ही कशा वळलात?
बाकीचे दुर्बीण लिहीत असतील, तारे लिहीत असतील.
आमच्या बाल्कनीतून तारे दोन दिसतात,
त्यातला एक बहुतेक वेळा उतरणारं विमान.
मी गिझरबद्दल लिहिलं.

जुलैत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटका देतं,
थंड नळाखाली हात धरवत नाही.
म्हणून मे लागला की गिझर बंद करायचा
आणि लाल खुणेच्या नळातून गार पाणी घ्यायचं.
सात वर्षांची होते. विचारलं,
गरम करायचं यंत्र गार कसं करतं हो बाबा?
म्हणाले, काही करत नाही गं ते.
नुसतं घरात राहतं.

हे वाक्य इंग्रजीत नीट बसेना.
शब्द सतरा जास्त होत होते,
शेवटी तेच कापलं.

तिकडची मध्यरात्र म्हणजे इथले सकाळचे नऊ.
डॉ. हैसमचं शिफारसपत्र आठ वाजेपर्यंत ‘प्रतीक्षेत’.
आठ वीसला निरोप आला :
मुलाला शाळेत सोडतोय, सिग्नलला आहे, इन्शाल्ला.
आठ एकेचाळीसला हिरवी खूण.
काय लिहिलंय माझ्याबद्दल, कधी कळणार नाही;
ते वाचायचा हक्क पहिल्याच पानावर
मी सही करून सोडलाय.

एप्रिलअखेर : सात नकार, एक प्रतीक्षायादी,
बाकीचे गप्प.

कळवतील ते मेलवर, हे बाबांना दोनदा सांगून झालं.
तरी ड्यूटीवरून येताना पोस्टबॉक्स उघडून येतात.
आज कॉम्प्रेसरचा एक कॅटलॉग होता,
दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या
कुणा अब्दुल मन्नानच्या नावे.
तोही नीट घडी करून घेऊन आले,
माझ्या टेबलावर ठेवला,
आणि बाथरूमशी जाऊन
गिझरचं बटण बंद केलं.